नंबर जुळला पाहिजे

आमच्या शेजारचे अण्णा वाटीभर साखर उसनी दिली की सोबत चिठ्ठी देत. 'वाटी एक. नंबर सतरा. मुदत तीन दिवस.' वाटी परत नेली की ती उलटी करून बुडावर कोरलेला नंबर वाचायचे आणि मगच म्हणायचे, "ठीक. बाहेर गेलेला माल आत आला." तोवर त्यांनी दोन कप चहा ओतलेला असायचा.

अण्णांची सगळी नोकरी मुंबईच्या गोदीत, कस्टमच्या कचेरीत गेली. बायको वारल्यावर ते सोलापुरात येऊन एकटे राहू लागले. गल्लीत कुणाचा जावई आला तरी विचारत, "मुदत किती?" एका जावयानं तर त्याच संध्याकाळची गाडी धरली. त्याची सासू महिनाभर अण्णांशी बोलली नाही.

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात एक गोरं जोडपं आपली मोटार घेऊन देश बघत फिरत होतं. हैदराबादेकडून येताना ती बंद पडली. बैल जुंपून ती आमच्या कोपऱ्यावर, इस्माईलचाचांच्या गॅरेजात आणली. चाचांनी जुनं इंजिन काढून भंगारात दिलं आणि महिनाभरानं दुसरं मिळवून बसवलं. गाडी सुरू झाली, सगळे खूश. अण्णा मात्र गाडीचे कागद मागून घेऊन वाचत बसले आणि एकदम ओरडले, "जुनं इंजिन कुठाय?"

"पुराना कायको होना अण्णा? नया मस्त चलता!"

"अहो, प्रवाशाची गाडी कर न भरता आत येते ती परत जायच्या बोलीवर. कागदावर इंजिनाचा नंबर आहे. तो जुळला नाही तर गोदीत म्हणतील, इंजिन इथंच विकलं, भरा सगळा कर! आणि मुदतीला राहिलेत पाच दिवस."

अण्णांनी हेच इंग्रजीत सांगितल्यावर ती गोरी पोरगी पायरीवर बसून रडायलाच लागली. कर गाडीच्या किमतीहून जास्त होता.

भंगारवाल्यानं ते धूड कुणाला दिलं ते त्याला आठवेना. अण्णा घरोघर विचारत फिरले. माझ्या दारात आले तेव्हा मी विड्या वळत होते. पुरुषमाणसांशी मी सहसा बोलत नसे. पण दाराआडून म्हटलं, "अण्णा, तसलं एक पद्मव्वाच्या परसात हाय. कोंबडी बसती त्यात."

पद्मव्वा म्हणजे मागच्या गल्लीतल्या विणकराची बायको. उलट्या इंजिनाच्या पोकळीत तूस घालून तिनं कोंबडी अंड्यांवर बसवली होती. अण्णांनी धोतराच्या सोग्यानं बाहेरचा गंज पुसला. नंबर तोच!

पण पद्मव्वा आडवी झाली. "उटवायची न्हाई! अकरा अंडी हायत. तीन दिवस राहिलेत."

घर दाखवायला मी मागोमाग गेले होते. मला वाटलं, आता अण्णा कायदा काढणार. त्यांनी एवढंच विचारलं, "तीन दिवस? नक्की?"

"कोंबडी काय खोटं बोलती का वो?"

"मग थांबू."

तीन दिवस अण्णा परसात खुर्ची टाकून बसले. शेजारी ती पोरगी. तिसऱ्या दिवशी दुपारी पिल्लं बाहेर आली. अण्णांनी एकेक मोजलं. "आत अकरा, बाहेर अकरा. ठीक!"

तासाभरात इंजिन मागच्या सीटवर चढलं. जुना काळा कोट घालून अण्णा पुढे बसले आणि गाडी मुंबईला गेली. दोन दिवसांनी ते रेल्वेनं परतले, ते गल्लीच्या तोंडापासूनच हात उंचावून. "नंबर जुळला! शिक्का पडला!" इस्माईलचाचांनी त्यांना हार घातला. पद्मव्वानं ओवाळलं.

एवढ्या मोठ्या माणसाची भांडी मुदतीबाहेर ठेवायची म्हणजे लाजच. संध्याकाळपर्यंत गल्लीनं अण्णांची झाडून सगळी भांडी परत केली. अण्णा एकेक उलटी करून "ठीक, ठीक" म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चहाच्या वेळी मला माझ्या दारातून दिसायचं. अण्णा दोन कप काढायचे, दाराकडे बघायचे आणि एक परत फळीवर ठेवायचे.

माझ्या घरी साखरेचा डबा भरलेला होता. तरी पदर सावरून गेले. "अण्णा, वाटीभर साखर पाहिजे होती."

त्यांनी लगबगीनं चिठ्ठी घेतली. 'वाटी एक. नंबर सतरा.' मुदतीपाशी पेन थांबलं.

"किती लिहू?"

"तुमी म्हणाल ती."

त्यांनी लिहिलं, 'उद्या.'