शिरस्त्राणावर दगड मोफत

पिशवीत जागा किती असावी, हा प्रश्न मी स्वतः उकरून काढलेला नव्हता. तो पडद्यावर आपणहून आला, लाल अक्षरांत : 'पिशवी भरली आहे.'

ज्याची सत्तावीस वर्षं एका कार्यालयाच्या भांडारात निरुपयोगी सामान निकाली काढण्यात गेली आहेत, त्याला असलं वाक्य दाखवणं म्हणजे सुताराला डुगडुगत्या खुर्चीवर बसवून 'स्वस्थ बसा' म्हणण्यासारखं आहे. पण आधी पिशवी कुणाची ते सांगतो.

ही गेली त्याला आता सात महिने होतील. हिच्या मागे एक टॅबलेट राहिला आणि त्यात एक खेळ राहिला. जगभरची माणसं म्हणे तो एकाच वेळी खेळतात. प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं, जंगलात हिंडायचं, राक्षस मारायचे आणि मिळालेलं सामान तिथल्याच बाजारात मांडून दुसऱ्या खेळाडूंना विकायचं. घरात झुरळ निघालं तर मला हाक मारणारी माझी बायको तिथं सात फूट उंच, छातीपर्यंत दाढी असलेला आणि खांद्यावर कुऱ्हाड टाकून फिरणारा 'भीमटोला' होती. लेक शिकायला परगावी गेली तेव्हा मायलेकींनी हे सुरू केलं. रोज संध्याकाळी ही म्हणायची, "जरा जंगलात जाऊन येते. आमटीखालचा गॅस तेवढा बघा." (मी बघायचो. आमटी करपायची ती माझ्या डोळ्यांदेखतच.)

ही गेल्यावर लेकीनं तो खेळ उघडला नाही. पण महिनाभर कुणी फिरकलं नाही की खातं पुसून टाकतात, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

"बाबा, महिन्यातून एकदा फक्त आत जायचं आणि बाहेर यायचं. कशालाही हात लावायचा नाही."

"मी काय लहान आहे का?"

"लहान असतास तर सांगावं लागलं नसतं."

सहा महिने मी शब्दशः पाळलं. पण आत गेलं की वेशीवरचा पहारेकरी 'आल्याबद्दल आभार' म्हणून दर खेपेला एक पाव हातात ठेवायचा. सहा पाव झाले आणि सातव्या खेपेला, त्या शुक्रवारी, पिशवी भरली. मी रजेवर होतो, सासूबाई खिडकीपाशी उशीचे अभ्रे शिवत बसल्या होत्या आणि मी एक छोटासा निर्णय घेतला. म्हटलं, थोडी आवराआवर करू.

आमच्या खात्यात कुठलीही वस्तू निकाली काढताना तीन प्रश्न विचारायचे असतात. वापरात आहे का? किंमत येईल का? विनाकारण जागा अडवते का? हे तीन प्रश्न मी घरी इतक्यांदा म्हटले आहेत की ही ते भाजी निवडताना गुणगुणायची. त्या कसोटीवर मी पिशवीतले चाळीस खण तपासले. कुऱ्हाड, चिलखत, बूट, विजार, घोडा (घोडा पिशवीत कसा मावतो हे विचारू नका, मीही विचारलं नाही) आणि बाकीच्या खणांतलं किडूकमिडूक, हे सगळं वापरात. एक जुनं शिरस्त्राण मात्र जादा होतं. आणि पहिल्याच खणात एक दगड होता. साधा, करडा, रस्त्यावर ठेच लागेल असा. वापर नाही, किंमत शून्य, आणि खण अडवून बसलेला. तिन्ही प्रश्नांत इतका ठळक नापास झालेला नग मी नोकरीत पाहिला नव्हता.

मी भीमटोल्याला बाजारात नेऊन सतरंजीवर बसवलं आणि पाटी लावली : 'वापरलेले परंतु सुस्थितीतील शिरस्त्राण. पाहणी सकाळी ११ ते ५. शिरस्त्राणावर दगड मोफत.'

दहा मिनिटांत गिऱ्हाईक आलं. अंगभर काटे, डोक्याला शिंगं, नाव कवटीफोड्या.

'शिरस्त्राण द्या,' त्यानं लिहिलं. 'दगड नको.'

'महोदय,' मी लिहिलं, 'दोन्ही नग एकत्र आहेत.'

'दगड जड असतो. नको.'

'नियमाप्रमाणे उचलावाच लागेल.'

तो बराच वेळ शिंगं हलवत उभा राहिला. मग दोन्ही घेऊन गेला. दोन खण मोकळे झाले. मी सासूबाईंना म्हटलं, "असं असतं बघा. माल हलवायला अक्कल लागते."

सासूबाई सुईत दोरा ओवत म्हणाल्या, "तुम्ही अक्कल म्हणालात की मला धाकधूकच होते."

संध्याकाळी लेकीचा फोन आला.

"बाबा, रविवारी चार वाजता मी येतेय."

"ये की. दरवाजा उघडाच आहे."

"घरी नाही, जंगलात. आई गेल्यापासून पहिल्यांदाच. तू तिला घेऊन नदीच्या पुलावर उभा राहा." मग म्हणाली, "पिशवीत पहिल्या खणात एक दगड आहे बघ. आम्ही पहिल्या दिवशी उचललेला. त्याच्यावर आईनं काहीतरी लिहून ठेवलंय. मला कधी वाचू दिलं नाही. म्हणायची, सुट्टीत ये, मग दाखवते."

ती सुट्टी राहूनच गेली होती.

"बाबा? आहे ना दगड?"

"दगड कुठं जातोय," मी म्हणालो. (सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मी एकही खोटी नोंद केलेली नाही. ही पहिली.)

मी फोन ठेवला. शिवणयंत्राचा आवाज थांबला.

"काय विकलंत?" सासूबाईंनी विचारलं.

"विकलं नाही. फुकट दिलं."

"मग तर बघायलाच नको."

शनिवार सगळा कवटीफोड्याला शोधण्यात गेला. मला भीमटोल्याला नीट चालवता येत नव्हतं. तो दोनदा विहिरीत पडला आणि एकदा कुणाच्या तरी लग्नात शिरला. शेवटी बाजारात ओरडायची सोय सापडली, तेव्हा मी ओरडलो : 'काल मोफत दिलेला दगड तातडीने परत हवा आहे. योग्य मोबदला दिला जाईल.'

हे वाक्य माझ्या आयुष्यातल्या मोठ्या चुकांत धरावं लागेल.  बाजारातले लोक कुजबुजू लागले. भीमटोला इतकी वर्षं या जंगलात आहे, तो उगीच दगड मागेल का? तासाभरात नदीकाठी चाळीसेक माणसं वाकून दगड वेचत होती. आणि कवटीफोड्या मला शोधत आला.

'दगडावर बोट ठेवलं की काहीतरी कोरलेलं दिसतं,' त्यानं लिहिलं. 'चार ओळी. खजिन्याची खूण आहे, खरं ना?'

'नाही. काय लिहिलंय तेवढं सांगता का?'

'म्हणजे तुम्हालाही माहीत नाही. मग नक्कीच खजिना.'

'माझा हा दगड भावनिक स्वरूपाचा आहे.'

'किती देणार?' त्यानं विचारलं आणि मी उत्तर देण्याआधीच लिहिलं, 'थांबा. पेशंट आला. उद्या दहानंतर या.'

अशा रीतीनं मला कळलं की कवटीफोड्या हा पेशानं दाताचा डॉक्टर आहे.

सासूबाईंनी त्या रात्रीच्या जेवणात भाव करण्यावर एक पूर्ण व्याख्यान दिलं. "गरज दाखवायची नाही. दोन पावलं निघून जायचं. मग तो मागून हाक मारतो."

रविवारी दहा वाजता मी गरज दाखवली नाही. दोन पावलं निघून गेलो. भीमटोला तिसऱ्या पावलाला विहिरीत पडला. कवटीफोड्यानं हाक मारली नाही. मी वर येईपर्यंत तो दाढ काढायला गेला होता.

मग सौदा असा झाला. दर वीस-पंचवीस मिनिटांनी, एका पेशंटच्या दातात औषध भरून दुसऱ्याच्या हिरडीत सुई टोचण्याच्या मधल्या वेळात, तो यायचा आणि एकेक वस्तू मागायचा. अकराला घोडा गेला. साडेअकराला कुऱ्हाड. मी प्रत्येक गोष्टीला 'मान्य' म्हणत गेलो आणि माझ्या प्रत्येक 'मान्य'नं त्याची खात्री पटत गेली की खजिना फारच मोठा असणार. बाराला त्यानं सगळं किडूकमिडूक आणि ते सहा पावसुद्धा मागितले. दुपारी दोनला चिलखत आणि बूट गेले. मी घड्याळाकडे बघत होतो. पाणी प्यायला उठावं तर तेवढ्यात तो येऊन जाईल, म्हणून उठलो नाही. सासूबाईंनी तांब्याभांडं आणून ठेवलं आणि मग त्यांची नजर पडद्यावर गेली.

"अहो, हा उघडा का?"

"अजून विजार आहे."

"माझ्या लेकीच्या अंगावरचं विकून खाल्लंत तुम्ही."

"दाढी शिल्लक आहे," मी म्हणालो.

साडेतीनला कवटीफोड्यानं विजार मागितली. मी दिली. चारला बारा मिनिटं कमी असताना दगड पहिल्या खणात परत आला. बाकीचे एकोणचाळीस खण रिकामे होते. एखाद्या भांडाराची इतकी संपूर्ण आवराआवर मी नोकरीत कधी करू शकलो नव्हतो.

'आता खरं सांगा,' त्यानं लिहिलं. 'हे कोरलं कुणी?'

मी चष्मा पुसला. हे मी अजून कुणाला लिहून कळवलेलं नव्हतं. नातेवाइकांना फोन केले होते, तेही भावानं.

'माझ्या पत्नीने,' मी लिहिलं. 'भीमटोला ती होती. ती आता नाही. मी तिचा नवरा. मुलगी चार वाजता दगड वाचायला येणार आहे.'

कवटीफोड्या पुन्हा पेशंटकडे गेला असेल म्हटलं. मग एक खण भरल्याचा आवाज झाला. त्यानं विजार परत केली होती.

'त्यांनी एकदा मला अस्वलाच्या तावडीतून सोडवलं होतं,' त्यानं लिहिलं. 'कुऱ्हाड मात्र ठेवून घेतो. व्यवहार तो व्यवहार.'

मी पुलावर पोचलो तेव्हा चार वाजून दोन मिनिटं झाली होती. दगडावर काय लिहिलंय ते आधी बघून घ्यावं असं एकदा मनात आलं. पण नको तिथं बोट ठेवूनच इथवर आलो होतो. पुन्हा बोट ठेवायचा धीर झाला नाही.

पलीकडून एक बुटकी जादूगारीण, म्हणजे आमची लेक, आली आणि थबकली. तेवढ्यात फोन वाजला. मी स्पीकर लावला.

"बाबा. आईचे कपडे कुठं आहेत?"

सगळं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. शिरस्त्राण सांगितलं, पाटी सांगितली, दगड नको म्हणणारा दाताचा डॉक्टर सांगितला. सासूबाई मशीन सोडून माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"दगड दे इकडे," लेक म्हणाली.

सासूबाईंनी माझा हात बाजूला सारून स्वतःच्या बोटानं दगड तिच्याकडे सरकवला. त्यांचा माझ्यावर विश्वास उरला नव्हता आणि ते योग्यच होतं.

लेक वाचत होती. मग तिच्या श्वासाचा आवाज बदलला. रडतेय असं वाटलं. नाही, ती हसत होती. सात महिन्यांत मी तो आवाज ऐकला नव्हता, म्हणून ओळखायला वेळ लागला.

"मोठ्यानं वाच," सासूबाई म्हणाल्या.

"वापर नाही," लेकीनं वाचलं. "किंमत नाही. जागा अडवतो. तरी हा कुणी टाकायचा नाही, हे तुझे बाबा आहेत."

पुलाखालून नदी वाहत होती आणि भीमटोला विजारीवर, अनवाणी, शांतपणे उभा होता. मी चष्मा पुन्हा पुसला.

"म्हणजे," सासूबाई हळूहळू जुळवत म्हणाल्या, "तुम्ही स्वतःला एका टोपीवर फुकट दिलंत."

"हो."

त्या परत मशीनपाशी जाऊन बसल्या. अभ्र्याची एक बाजू पुरी शिवून झाल्यावर म्हणाल्या,

"आणि तरी तो नको म्हणत होता."