पाकळ्या चार की पाच?

"येत्या पंधरा दिवसांत एका गाढवाचं तोंड कायमचं बंद होणार आहे!" प्राध्यापकांनी घोषणा केली.

"कुठल्या?" पत्नीने विचारले. प्राध्यापकांच्या बोलण्यात गाढवांची संख्या मोठी असल्यामुळे प्रश्न रास्त होता.

हे गाढव म्हणजे त्यांचाच जुना विद्यार्थी, आता विभागप्रमुख. शहराच्या सार्वजनिक बागेतील एका कोपऱ्यात प्राध्यापकांनी बावीस दुर्मीळ झाडांचा वृक्षसंग्रह उभा केला होता. त्यातले एक झाड त्यांनी सत्तावीस वर्षांपूर्वी स्वतः बी पेरून वाढवले होते. त्यांच्या मते ही सर्वस्वी नवी जात. विद्यार्थ्याच्या मते रस्तोरस्ती आढळणारे सामान्य झाड. निकाल फुलावर होता. पाकळ्या पाच, तर प्राध्यापक खरे. चार, तर त्यांचा सहाशे पानांचा ग्रंथ रद्दी! आणि यंदा प्रथमच एका खालच्या फांदीला तीन कळ्या धरल्या होत्या.

निसर्गावर विसंबून राहणे हे अडाण्यांचे लक्षण. प्राध्यापकांनी उद्यान अधीक्षकांना अर्ज केला: 'या झाडाला इजा करू नये, खिळे ठोकू नयेत, असा फलक तेथे लावावा.'

फलक तिसऱ्या दिवशी लागला. खोडावर. चार खिळ्यांनी!

"अहो, हे काय केलंत?"

"तुम्हीच म्हणालात ना सर, फलक लावा," माळीबुवा अभिमानाने म्हणाले. "चांगले बोटाएवढे खिळे आहेत. वादळ आलं तरी पडायचा नाही!"

प्राध्यापकांनी दुसरा अर्ज केला. खिळे निघाले, फलक लोखंडी खांबावर चढला, खांब सिमेंटच्या ओट्यात रोवला गेला आणि ओटा मुळांवर बसला. तिसऱ्या अर्जावर ओटा फोडण्याचे यंत्र आले. ते दोन दिवस अशा निष्ठेने धडधडले, की झाडाची पाने आणि प्राध्यापकांची कवळी एकाच तालावर हलत होती.

"आता अर्ज पुरे!" पत्नी कडाडली. "झाड वाचवताय की मारताय?"

प्राध्यापकांनी लेखणी खाली ठेवली. परंतु त्या यंत्राच्या धुळीने त्यांना असा खोकला जडला, की डॉक्टरांनी तीन दिवस घराबाहेर पडू दिले नाही. चौथ्या दिवशी ते भिंग घेऊन धावत बागेत पोहोचले. झाड होते. फलक होता. फांदी नव्हती!

"फांदी?" त्यांच्या तोंडून एवढाच शब्द फुटला.

"फलकाच्या आड येत होती, सर," माळीबुवांनी शांतपणे सांगितले. "इजा करू नये, हे लोकांनी वाचायचं कसं?"

"कुठं आहे ती?"

"साहेबांच्या टेबलावर. टाकवेना हो, कळ्या होत्या ना!"

प्राध्यापक कार्यालयात शिरले तेव्हा अधीक्षक हर्षभराने उभे राहिले. टेबलावरच्या फुलदाणीत एक बोडकी काटकी होती.

"काल तिन्ही उमलली, सर! सगळं ऑफिस घमघमत होतं!"

"पाकळ्या किती होत्या?"

"पाकळ्या? मोजतं कोण, सर? फुलासारखं फूल होतं. आज सकाळी झडली."

"मग झडलेली फुलं कुठं आहेत?"

"केरात. कचऱ्याची गाडी आत्ताच गेली."

प्राध्यापक खुर्चीत कोसळले. त्यांनी मनोमन हिशेब केला: पुढचा बहर आणखी सत्तावीस वर्षांनी आला, तर आपले वय एकशे एक असेल. विभागप्रमुख तेव्हाही असेल; गाढवे दीर्घायुषी असतात.

कोपऱ्यात केर काढणाऱ्या बाई हे सारे पाहत होत्या. त्यांनी केरसुणी भिंतीला टेकवली, प्राध्यापकांसमोर पाण्याचा पेला ठेवला आणि हळूच विचारले, "किती असायला पाहिजे होत्या, सर?"

"पाच."

"मग पाचच होत्या!" बाई ठामपणे म्हणाल्या.

'ऐकीव पुरावा हा पुरावाच नव्हे' या एका वाक्यावर ज्यांनी तीन पिढ्यांचे प्रबंध परत पाठवले होते, त्या प्राध्यापकांनी पेला रिकामा केला, चष्मा पुसला, दाराकडे एकदा पाहून घेतले आणि आवाज खाली आणून विचारले,

"बाई, हे लिहून द्याल?"

"न द्यायला काय झालं?" बाई म्हणाल्या. "फक्त तिन्ही फुलांना पाच-पाच लिहू, की एखाद्याला सहा?"