मधला सांधा

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी आईच्या पलंगामागच्या भिंतीतून पाणी आलं. झिरपलं नाही, आलं. पाहुणा येतो तसं, आधी बारीक चाहूल देऊन मग सरळ आत.

आज सकाळीच मी घरात जाहीर केलं होतं, "आता या भिंतीत थेंब जरी उतरला, तर माझं नाव बदला!" नवीन नाव काय ठेवायचं, यावर शेजारच्या घरात चर्चा चालू असल्याचं कळतं.

शेजारचं घर म्हणजे ताईचं. वडिलांनी दोन घरं जोडून बांधली. मधे एकच भिंत आणि दोन्ही छपरांच्या कडेला पाणी वाहून नेणारी एकच लांब पन्हळ, तीही काँक्रीटची. "पत्रा गंजतो, लाकूड कुजतं. काँक्रीट नातवंडंसुद्धा बघतील!" असं ते म्हणायचे. नातवंडं बघतायत. खाली बादली ठेवून बघतायत. पन्हळीच्या तुकड्यांमधले सगळे सांधे उघडलेत आणि छपराचं पाणी भिंतीत मुरतं.

त्या ओलीने आईचा खोकला हटेना. शेवटी तिने सांगून टाकलं, "पुन्हा भिंत ओली झाली, तर मी माझ्या बहिणीकडे जाते. राहायलाच." मावशीचं घर गाडीने एका रात्रीवर आहे आणि आई बोलते ते करते.

म्हणून पन्हळीला आतून रबरी अस्तर लावायचं मी ठरवलं. नेमकं तेच पलीकडे ताईच्या नवऱ्याने, म्हणजे भाऊजींनीही ठरवलं.

"अहो, मग दोघं मिळून सलग लावा ना," बायको म्हणाली.

ते शक्य नव्हतं. गेल्या वर्षी मी दर्शनी भिंत रंगवली, तेव्हा ब्रश चार बोटं पलीकडे गेला होता. भाऊजी टेप घेऊन बाहेर आले होते. "मेव्हणे, आमच्या भिंतीला निळा रंग मानवत नाही हो!" तेव्हापासून मी त्यांच्या हद्दीत सावलीसुद्धा जपून पाडतो. तेही शिंकताना तोंड आपल्या घराकडे करतात.

सकाळी मी माझ्या टोकाकडून अस्तर लावत निघालो, ते त्यांच्या. मधल्या भिंतीच्या बरोब्बर माथ्यावर एक सांधा आहे. त्याच्या अलीकडे मी थांबलो, पलीकडे ते थांबले. शिड्यांवर आम्ही समोरासमोर आलो.

"झालं?"

"झालं. तुमच्या बाजूला बोटसुद्धा लावलं नाही, भाऊजी."

"आम्हीही नाही. बघून घ्या!"

मी बघून घेतलं. दोन्ही कडा दोरी लावल्यासारख्या सरळ होत्या. मधे वीतभर काँक्रीट उघडं होतं, त्यात सांधा. पण ते कुणाच्याच हद्दीत नसल्याने त्यावर कुणी काही बोललं नाही.

चारच्या सुमारास पाऊस आला. पूर्वी सगळ्या सांध्यांतून वाटून जाणारं पाणी आता एकाच जागी, एकमताने, मधल्या भिंतीत उतरलं.

"काय रे हे!" ताई धावत आली. "चल गं आई, आमच्याकडे ठणठणीत कोरडं आहे!" तिने आईला नेलं आणि पलीकडे भिंतीला टेकून खुर्ची दिली. थोड्याच वेळात आईच्या शालीची पाठ ओली झाली.

"भिंत एकच आहे गं," आई शांतपणे म्हणाली. "तिला बाजू दोन आहेत, एवढंच." मग तिने बहिणीला फोन लावला.

आम्ही अंगणात जमलो.

"सांधा तुमचा," भाऊजी म्हणाले. "तुमची पन्हळ संपते तिथे आहे तो."

"तुमची सुरू होते तिथे आहे!"

"अरे, तुम्ही दोघं शाळेत गेला होतात ना?" ताईने विचारलं. 

तेवढ्यात आई बॅग घेऊन बाहेर आली. "जावईबापू, टॅक्सी सहाला येते. तोवर काय करायचं ते करा. आणि तू रे, शिडीवरून पडू नकोस. मला गाडी गाठायचीय."

पाऊस थांबला होता. एका रबराच्या तुकड्याने काम भागलं असतं. पण तो एकट्याने लावला, तर लावणाऱ्याने सांधा आपला मानल्यासारखं झालं असतं. म्हणून भाऊजींच्याच टेपने सांधा मोजला आणि निम्मा तुकडा त्यांनी, निम्मा मी कापला. दोन शिड्या लागल्या. दोन तुकडे दोन बाजूंनी चिकटले.

"झालं?" खालून आईने विचारलं.

"झालं!" आम्ही एकदम म्हणालो.

हे लिहिताना पावणेसहा वाजलेत. पावसाचा पुन्हा शिडकावा सुरू आहे. आईची बॅग दोन्ही दारांच्या मधोमध ठेवलेली आहे. टॅक्सी रद्द केल्याचं अद्याप कानावर नाही. आई आत, भिंतीला हात लावून उभी आहे.

दोन तुकड्यांच्या मधे एक बारीक रेघ राहिली आहे. ती मी पाहिली. भाऊजींनीही पाहिली असावी, पण ते काही बोलले नाहीत.