राजदीपनं औषध घेतलं

रविवारी दुपारी जेवण आटोपताच राजदीपनं कॅप्सूल तोंडात टाकली, वरून तांब्याभर पाणी प्यायला आणि आरशासमोर जाऊन उभा राहिला.

"आत्ताच काय पाह्यतं तिथं?" शिलाई मशीनवरून मान वर न करता भीमराज म्हणाला. "आत्ता कुठं पोटात गेली ते."

भीमराजचं मारेगावात घरालाच लागून टेलरिंगचं दुकान होतं. राजदीप हा त्याचा एकुलता एक मुलगा, वय चोवीस, जवळच्या गावात शिक्षणसेवक. दहावीच्या वर्षी त्याच्या तोंडावर जे पिंपल आले, ते नऊ वर्षं मुक्कामाला राहिले. हळद झाली, कडुलिंब झाला, मुलतानी माती झाली. एकदा तर शीलानं, म्हणजे त्याच्या आईनं, कुणाचं तरी ऐकून रात्रभर टूथपेस्ट लावून ठेवली. राजदीप शाळेत जाता-येता तोंडाला रुमाल बांधायचा. लग्नात गेला तरी फोटोच्या वेळी वाढायला पळायचा. वर्गात तोंड शक्यतो फळ्याकडे ठेवल्यामुळे त्याचं अक्षर मात्र केंद्रातल्या सगळ्या शाळांत पहिल्या नंबरचं झालं होतं.

शेवटी यवतमाळच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी त्याचं रक्त तपासलं आणि ही कॅप्सूल लिहून दिली. "औषध जहाल आहे," त्या म्हणाल्या होत्या. "सहा महिने रोज, भरल्या पोटी घ्यायचं. ओठ फुटतील. सुरुवातीला पिंपल वाढल्यासारखे वाटतील. घाबरू नका."

यातलं 'ओठ फुटतील' एवढंच शीलाच्या मनात बसलं. फुटायची वाट कशाला पाहायची, म्हणून तिनं घरचं पांढरं लोणी लेकाच्या ओठांवर जाडसर थापलं. ते पुसलं जाऊ नये म्हणून राजदीप तोंड उघडं ठेवून आतल्या खोलीत चटईवर उताणा पडला आणि भरल्या पोटी त्याला झोप लागली.

मग शीलानं मुकुटबनला नणंदेला, इंदुताईला फोन लावला. राजदीप इंदुताईच्या अंगाखांद्यावर वाढलेला. ही बातमी तिला सांगितल्याशिवाय शीलाला चैन पडलं नसतं. लाइनमध्ये नेहमीची खरखर होती.

"ताई, आपल्या राजूनं आज औषध घेतलं!"

"काय घेतलं?"

"औषध वो, औषध! लय जहाल हाय म्हणते. तोंडाच्या पायी कटाळून गेलता बिचारा. आता पडला हाय आतमंदी..."

फोन कटला.

ती कापसाची वाईट वर्षं होती. जिल्ह्यात 'औषध घेतलं' हे दोन शब्द कानावर पडले, की ऐकणारा पुढचं काही ऐकतच नसे. कपाशीवर फवारायचं तेच औषध. इंदुताईनं उलट फोन लावला, तर एंगेज. पुन्हा लावला, पुन्हा एंगेज. लाइन मेली असं समजून शीलानं रिसीव्हर तिरपाच ठेवला होता आणि ती मागच्या अंगणात भांडी घासायला बसली होती. इंदुताईनं मात्र अर्थ लावला, की घरचे दवाखान्याला फोन करून राहिले.

ती स्टँडवर धावली. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात नवऱ्याची. हरिसिंगची जीप वणीसाठी भरून उभी होती.

"मावशी, जागा नाई," हरिसिंग म्हणाला.

"माह्या भाच्यानं औषध घेतलं रे! मारेगावले जाचं हाय!"

हरिसिंगनं पुढचं काही विचारलं नाही. स्वतःच्या शेजारच्या माणसाला मागं ढकललं आणि जीप सुरू केली. वणी आली तेव्हा त्यानं वेग कमी केला. सगळे प्रवासी वणीचेच होते, पण कुणी उतरेना.

"चाल न बाबा, थांबतं कायले?" मागून कुणीतरी ओरडलं.

लेकीकडे निघालेली तांड्यावरची म्हातारी मोतीबाई बोचकं मांडीवर घेऊन बसली ती बसलीच. एकानं टपरीवरून मिठाचा पुडा घेतला, एकानं पाण्याची कॅन. सुदैवानं गाडीत घनश्याम होता. तो जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होता, त्यामुळे सगळ्यांनी त्याला डॉक्टर ठरवून टाकलं.

"मिठाचं पाणी पाजून उलटी कराची," घनश्याम म्हणाला. "पोरगं किती किलोचं असन?"

"पन्नास-पंचावन."

"म्हंजे वासराएवढं," त्यानं मनाशी हिशेब केला.

मारेगावात दुकानासमोर जीप थांबली आणि तिच्यातून अकरा माणसं उतरली. भीमराजला वाटलं, कुणाच्या तरी लग्नाचे कपडे शिवायचे आहेत. तो टेप गळ्यात टाकून पुढं आला. "जय भीम, या, बसा..." पण अकराच्या अकरा माणसं त्याला ओलांडून आत घुसली.

चटईवर राजदीप उताणा. डोळे मिटलेले, तोंड उघडं, ओठांवर पांढरं.

"फेस आला वो माय!" इंदुताईनं टाहो फोडला.

राजदीप दचकून उठायला गेला, तोवर चौघांनी त्याचे हातपाय धरले होते.

"औषध घेतलं काय तू?" घनश्यामनं विचारलं.

"घेतलं," राजदीप घाबरून म्हणाला.

"कोणतं? किती?"

"वीसचं!"

"वीस!" जीपमधल्या सगळ्यांनी एकदम श्वास ओढला.

"काहून घेतलं रे राजू?" इंदुताई रडत म्हणाली. "काय कमी होतं तुले?"

"आत्या, तोंड पाह्य न माहं! असं तोंड घेऊन किती दिवस काढाचे?"

"तोंडाच्या पायी कोणी जीव देते काय बे?" हरिसिंग ओरडला.

राजदीप "अहो, पण" म्हणाला, तेवढ्यात उघडलेल्या तोंडात मिठाचं पाणी पडलं. वासराच्या मापानं. पुढं जे व्हायचं ते झालं. आवाज ऐकून शीला राखेच्या हातानं धावत आली.

"काय करून राह्यले हो माह्या लेकराले? आत्ताच औषध घेतलं त्यानं!"

"म्हणून तं काढून राह्यलो!" घनश्याम म्हणाला.

"काढू नका!" राजदीप कसाबसा ओरडला. "रोज घ्याचं हाय ते! सहा महिने!"

चौघांनी धरलेले हातपाय सोडले. भीमराजनं फळीवरची कॅप्सूलची पट्टी आणून घनश्यामच्या हातात दिली. घनश्यामनं ती उलटी-सुलटी करून पाहिली. "वीस मिलिग्रॅम," तो बारीक आवाजात म्हणाला. "पिंपलचं हाय."

इंदुताईनं राजदीपच्या पाठीत एक जोरात धपाटा घातला आणि लगेच त्याला छातीशी धरून हमसून रडली. लोणी तिच्या खांद्याला पुसलं गेलं.

मोतीबाईनं पदर ओला केला आणि राजदीपचं तोंड पुसायला घेतलं. नऊ वर्षांत त्यानं आईखेरीज कुणाचा हात चेहऱ्याला लागू दिला नव्हता. आज अकरा माणसं हातभर अंतरावरून त्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि पिंपल कुणालाच दिसत नव्हते.

"आजी, तुमची लेक वणीले वाट पाहत असन," म्हातारी कुठं निघाली होती हे हरिसिंगकडून कळताच तो ओशाळून म्हणाला.

"पाहू दे, बेटा," मोतीबाई म्हणाली. "आमच्या तांड्यात पारसाल अशीच खबर आली. आम्ही पोचलो, तवा उशीर झालता." तिनं त्याच्या गालावर हात ठेवला. "आज जल्दी आलो."

राजदीपला एकाएकी भरून आलं. तो खाली वाकला आणि म्हातारीच्या पायांवर डोकं ठेवलं. मग तो हरिसिंगकडे वळला आणि त्यानं हात जोडले. हरिसिंग खाकरून बाहेर गेला आणि उगाच जीपच्या टायरला लाथा मारून हवा तपासू लागला.

शीलानं पिठल्याचं मोठं पातेलं चढवलं. भीमराज बोलका माणूस नव्हता. आभार कसे मानतात हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं टेप काढला आणि पिठलं-भाकरी खाणाऱ्या हरिसिंगची छाती मोजायला सुरुवात केली.

"हे काय, दादा?"

"हात वर कर. शर्ट शिवून राह्यलो."

एकेक करून त्यानं सगळ्यांची मापं घेतली. घनश्यामला दोन खिसे पाहिजे होते, ते लिहून घेतले. बायकांचं तो शिवत नसे, म्हणून मोतीबाईसाठी आणि बरोबरच्या दोघींसाठी बंदाच्या मोठ्या पिशव्या तिथल्या तिथं शिवून दिल्या. वणीची माणसं संध्याकाळी वणीला पोहोचली, तेव्हा इंदुताईच्या दोन्ही पायांत शीलाच्या चपला होत्या.

दुसऱ्या दिवशी फोनवर यवतमाळच्या डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "आजपासून पुन्हा रोज एक सुरू करा," त्या म्हणाल्या. "आणि सगळ्यांना सांगा, कुणी खरंच काही घेतलं तर मिठाचं पाणी पाजत बसायचं नाही, सरळ दवाखान्यात न्यायचं." घनश्यामनं हा निरोप मान खाली घालून ऐकला आणि पुढं जीपमध्ये भेटेल त्याला तो सांगत राहिला.

महिन्याभरानं राजदीप तपासणीला गेला. पिंपल आधी वाढले होते आणि आता कुठं बसायला लागले होते. डॉक्टरबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला, मान हलवली आणि चष्मा काढला.

"आणखी एक. या औषधानं कुणाकुणाला फार उदास वाटतं. तसं वाटलं तर मनात ठेवायचं नाही, जवळच्या माणसाला सांगायचं. आहे ना कुणी?"

राजदीप हसायला गेला आणि त्याचा फुटलेला ओठ चरचरला. तरीही तो हसलाच.

"मॅडम," तो म्हणाला, "आमच्याकडं न सांगता जीप भरून येतात."