दसऱ्याचे दिवशी मोटार वर उचलेना, त्याची हकीकत

काठावरील देवीस हळदकुंकू आणि दर्यास नारळ वाहोन, जे डोळ्यांनी पाहिले आणि कानी पडिले तेच लिहिते, पदरचे काही घालीत नाही. शके एकोणीसशे एकोणीस, ईश्वरनाम संवत्सर, आश्विन शुद्ध दशमी, ते दिवशी खाडीचे राज्यात मोठे संकट उभे राहिले. राज्य म्हणजे चाळीस घरे, दोन विहिरी आणि एक धक्का. गादीवर राजश्री धाकोजी तांडेल, वय साठीचे, आवाज खणखणीत, आणि नजर ऐसी की आपली सोडून सर्वांची चूक दुरून दिसावी. राणी मथुराबाई या दीडपट काम करीत आणि निम्मे बोलत. मी त्यांची धाकटी जाऊ, सदैव मागे मागे असे, म्हणोन सर्व ठाऊक. राज्याचे आरमार म्हणजे एक होडी, आणि तिचे पिछाडीस पंधरा वर्षांची जपानी मोटार. तिजला आम्ही गजराज म्हणत असू, कारण बटण दाबिले की ती सोंड उचलावी तैसी पाण्याबाहेर उचले आणि दुसरे दाबिले की खाली बैसे. आत तेलाचा खेळ होता. छोटा पंप तेलास ढकली, तेल दांड्यास ढकली आणि दांडा मोटारीस उचली.

आता संकट ते ऐसे. दसऱ्यास देवीची पालखी खाडी ओलांडोन सीमोल्लंघनास जाते, आणि ती आपले होडीतून नेण्याचा मान तांडेलांचे घरी तीन पिढ्या होता. परंतु दशमीस दोन प्रहरी ओहोटी असते, आणि मधली वाळूची दांडी वर येते, तेथे पाणी गुडघाभर. मोटार अर्धी उचलोन चालती ठेविली तरच होडी पार होते, नाहीतर पंखा वाळूत रुततो आणि ओहोटीची ओढ होडीस समुद्राकडे घेऊन जाते. ऐसे असता सकाळी महाराजांनी बटण दाबिले, पंप घुंऽऽ करोन बोलला, आणि गजराज तसूभर हालला नाही.

मग मसलत बैसली. राणीसाहेबांचे धाकटे बंधू सकोबा दोन वर्षे मुंबईस गोदीत होते, सबब यंत्रविद्येचे प्रधान तेच. ते म्हणाले, "भावोजी, बॅटरी मेली." महाराज कडाडले, "मेली? मग आता इंजिन सुरू झालं ते काय तुझ्या फुंकरीनं?" तरी बॅटरीची टोके हिरवी झाली होती ती गरम पाण्याने धुतली आणि घासोन लखलखीत केली, आणि फळ काही नाही. मग पंपास वीज पोचविणारे दोन रिले होते, एक वर नेणारा आणि एक खाली नेणारा, त्यांची अदलाबदल केली, दोन्हीही टक टक बोलले, आणि फळ काही नाही. मग चौघांनी मोटार हातांनी उचलिली आणि खाली टेकू दिला, कारण मोटार वर असता झाकण उघडिले तरच तेलाचा खरा अंदाज येतो, आणि पाहतात तो तेल काठोकाठ, लाल आणि स्वच्छ, फेस नाही, पाणी शिरोन दुधाळ झाले तेही नाही. सकोबा डोके खाजवीत म्हणाले, "दोन चमचे खोबरेल घालून बघूया?" राणीसाहेब ताटे घेऊन जात होत्या, त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "सकोबा, मोटार आहे ती. तुझं टक्कल नव्हे." धक्का सारा हसला, एक महाराज सोडून. मग टेकू काढिला, तो गजराज दमले म्हशीप्रमाणे हळू हळू खाली बैसला.

इतक्यात देवळाचे मानकरी अंताजी गावकर आले आणि म्हणाले, "धाकोजी, पालखी निघाली. तासाभरात काठावर येईल. पलीकडच्या वाडीची नवी होडी तयार आहे. यंदा त्यांना नेऊ दे, त्यात एवढं काय?"

महाराज म्हणाले, "एवढं काय? गावकर, आज दिलेला मान पुढच्या वर्षी कोण परत आणून देणार आहे मला? माझ्या आज्यानं वल्ही मारून राखला तो."

गावकर म्हणाले, "वाळूत देवीला बसवून ठेवशील त्यापेक्षा बरं," आणि निघोन गेले. महाराज धक्क्याचे पायरीवर बैसले, पागोटे काढोन मांडीवर ठेविले, आणि ते काही ओरडेनात. ते पाहोन आम्हा सर्वांस धडकी भरली. मग राणीसाहेब हात पुसत होडीत उतरल्या, मी मागोमाग, आणि महाराजांस जवळ बोलावोन हळू विचारिले, "पंप आवाज करतो?"

"करतो."

"म्हणजे वीज पोचते. तेल?"

"तुडुंब."

"बाहेर गळतंय कुठे?"

"थेंब नाही."

"मग ढकललेलं तेल आतल्या आत माघारी फिरतंय. कुठली तरी वाट उघडी राहिली असणार." मग पुसत्या जाहल्या, "अहो, मृगाला लाइट सारखी जायची, म्हणून बॅटरी तुम्ही घरी दिव्याला आणली होती. मग होडी वर ओढली तेव्हा मोटार कशी उचललीत?"

"हातानं. त्यात काय मोठंसं? बाजूचा हा स्क्रू सैल केला की तेलाला वाट मिळते, आणि मग मोटार हातानं..." इतके बोलोन महाराजांचे तोंड उघडेच राहिले. चार महिने तो स्क्रू सैलच होता, आणि एरवी होडी भरतीसच निघे, म्हणोन बटणाची गरज पडली नव्हती.

मग दुसरे विघ्न. स्क्रूची खाच रुंद, तीस मोठा पेचकस हवा, आणि राज्यातील पेचकस, पाने, पक्कड, सर्व हत्यारे नवमीपासोन पूजेत मांडिली होती, झेंडूखाली, आणि देवी परत येईतो त्यांस हात लावावयाचा नाही ऐसी रीत. महाराज म्हणाले, "देवीचा मान राखायला देवीचीच पूजा मोडू? ते नाही जमणार." तेव्हा राणीसाहेब मजकडे वळल्या. "जा गं, उलथणं आण."

मी म्हटले, "उलथणं?"

"त्याला कोणी हत्यार समजत नाही, म्हणून ते पूजेत नाही. पळ आधी!"

मी धावत गेले आणि पुऱ्यांचे तेलकट उलथणे पुसायची उसंतही न घेता आणिले. त्याची पातळ कड खाचेत नेमकी बैसली. राणीसाहेबांनी स्क्रू उजवीकडे फिरविला, घट्ट लागताच थांबल्या, अधिक पिळिला नाही, आणि म्हणाल्या, "दाबा." महाराजांनी बटण दाबिले. गजराज प्रथम थरथरला, मग एक गचका खाऊन उचलला, आणि वर आला, आणि वर आला, आणि पंखा उन्हात चमकला! आत अडकली हवा निघावी म्हणोन चार वेळा वर खाली केला, मग तेल पाहिले, आणि स्वारी तयार जाहली. सकोबा धावत आले, "ताई, काय केलंस गं?" राणीसाहेब म्हणाल्या, "मळ अडकला होता, खरवडला." महाराज लागलेच गर्जले, "मळच तो! सकाळपासून सांगतोय, ऐकतो कोण!"

मग ताशे वाजले, पालखी होडीत बैसली, आणि वाळूचे दांडीवर महाराजांनी मोटार अर्धी उचलिली. वाळूचा गढूळ लोट मागे उठला, आम्ही काठावरोन पाहत राहिलो, आणि होडी पार गेली. गावकरांनी पलीकडे उतरोन महाराजांचे हाती मानाचा नारळ दिला. सांजवेळी स्वारी घरी परतली तेव्हा देवीचरणी सोने वाहोन झाल्यावर आपट्याचे पहिले पान महाराजांनी वडीलधारे सोडोन राणीसाहेबांचे हाती ठेविले. राणीसाहेबांनी ते कपाळी लाविले. मग स्वयंपाकघरात येऊन मला शपथ घातली की हे असेतो स्क्रूचे नाव काढायचे नाही.

येणेप्रमाणे मान राहिला. पुढे बारा दसरे महाराज मळाची कथा सांगत गेले, दर वर्षी मळ थोडा वाढत गेला, आणि राणीसाहेब दर वर्षी "हो, हो" म्हणत गेल्या. आता महाराज नाहीत, पाठोपाठ राणीसाहेबही गेल्या, शपथ फिटली, सबब खरे ते लिहोन ठेविले. मळ नव्हता.