भैरवीआधी ताट

"तिकीट लावायचं नाही," गोपाळराव देवपुजारी पत्नीला म्हणाले. "तिकीट लावलं की करमणूक कर, कर म्हटला की कचेरीचे खेटे. आपण ताट फिरवू. भैरवीच्या आधी."

"आधी काहून? शेवटी फिरवा ना," अंजनाबाई म्हणाल्या.

"शेवटी? भैरवीनंतर?" बायको चपला घालून देवघरात शिरावी, तसे गोपाळराव तिच्याकडे बघत राहिले.

धंतोलीतल्या आपल्या दिवाणखान्यात ते वीस वर्षं मैफली भरवत होते, आणि एवढ्या वर्षांत त्यांनी नागपूरच्या श्रोत्यांना एकच गोष्ट शिकवली होती. भैरवी झाली की मैफल संपली. त्यानंतर गाणं नाही, टाळ्या नाहीत, आभार नाहीत, सूचना तर नाहीच नाही. सूर कानात घेऊन माणसाने मुकाट्याने उठावं आणि घरी जावं. तसंच, भैरवीआधी उठून जाणाराही त्यांच्या लेखी रानटीच. एका सद्गृहस्थाने एकदा भैरवीनंतर "माझी छत्री कुणी पाहिली का?" एवढंच विचारलं, तर त्याला पुढच्या मैफलीचं बोलावणं गेलं नाही. छत्रीही मिळाली नाही.

या वेळची मैफल नत्थूजींच्या मदतीसाठी होती. नत्थूजी पेटी वाजवत. उमरेडच्या विणकराच्या घरात जन्मले, बापाचा माग सोडून भजनाच्या पेटीला लागले, आणि नागपुरात आल्यागेल्या प्रत्येक गवयाची साथ करता करता म्हातारे झाले. मैफल संपली की गवयाला शाल मिळायची आणि नत्थूजींना नारळ. तो नारळ ते घरी न्यायचे, बायको तुळजाबाई त्याची चटणी करायच्या. असा संसार. आता तुळजाबाईंच्या पोटात गाठ निघाली होती आणि गोपाळरावांच्या बंगल्यामागच्याच दवाखान्यात त्या पडून होत्या. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, "सोमवारी सकाळी ऑपरेशन करतो. पैसे रविवारी संध्याकाळपर्यंत भरा. नाही भरले तर मी दुसरा पेशंट घेईन, तुमची पाळी महिन्याने. गाठ महिनाभर थांबेल का, ते मी सांगू शकत नाही."

हे पैसे गोपाळरावांनी स्वतःच भरावेत, असं कुणाला सुचलं नाही. गोपाळरावांना तर नाहीच. दिवाणखाना त्यांचा, चहा त्यांचा, वर पैसेही त्यांचेच म्हणजे जरा अतीच झालं असतं.

मग रविवारी सकाळची मैफल ठरली. पुण्याच्या चारुलताबाई बहिणीकडे आल्या होत्या, त्या बिदागी न घेता गायला तयार झाल्या. पेटीला कोण, हा प्रश्न निघालाच नाही. पेटीला नत्थूजी. ज्याच्या बायकोसाठी ताट फिरायचं त्यानेच साथीला बसायचं, यात काही चमत्कारिक आहे असं वाटलं ते फक्त अंजनाबाईंना.

"त्यांचं चित्त दवाखान्यात, अन् तुम्ही त्यांना पेटीवर बसवून राहिले?"

"अगं, दुसरा पेटीवाला आणला तर त्याला पैसे द्यावे लागतील. ते कशातून द्यायचे? मदतीतूनच ना?"

हिशेब बिनतोड होता. गोपाळराव हिशेबखात्यातूनच रिटायर झाले होते.

नत्थूजींची तक्रार नव्हती. "मले चालते जी," ते म्हणाले. "तिथं खाटेपाशी बसून तरी काय करू? फक्त मागची खिडकी उघडी ठेवजा. तिले आयकू जाईन."

भीक मागितल्यासारखं दिसू नये, म्हणून गोपाळरावांनी बोलावण्यात मदतीचा उल्लेख केला नाही आणि चांदीचं ताट काढायला लावलं. मध्ये नारळ, एका बाजूला हळदकुंकू, भोवती लवंगा-वेलदोडे. ताट घेऊन अंजनाबाईंनी स्वयंपाकघराच्या दाराआड उभं राहायचं. भैरवीच्या आधी गोपाळराव उठणार, "मंडळी" म्हणून दोन शब्द बोलणार, की अंजनाबाईंनी बाहेर यायचं. पहिली नोट टाकायची महादेवरावांनी. महादेवराव उमरेडकडचे कोळशाचे ठेकेदार, आजचे प्रमुख पाहुणे. त्यांनी शब्दच दिला होता, "पयली नोट माही. अशी मोठी टाकतो का बाकीच्याइले लहान नोट काढाले लाज वाटली पाह्यजे."

प्रमुख पाहुणे तासभर उशिरा आले. त्यांच्याशिवाय सुरुवात करता येत नव्हती, कारण सगळी मदार त्यांच्याच खिशावर. ते आले, हार झाला, आणि चारुलताबाईंनी तोडी सुरू केली. ती चांगली लांबली. सगळे डोलत होते. महादेवरावही डोलत होते, पण त्यांचा डोळा घड्याळावर होता. तोडी संपून बाई दुसऱ्या रागाचा विचार करत होत्या, तेवढ्यात ते गोपाळरावांकडे झुकले.

"गोपाळराव, मले आता निघा लागते. सोयऱ्याकडं सावजी मटण हाय. पंगत खोळंबली असन."

"निघता? अहो, पण ते आपलं..."

"घाबरू नका. भैरवी आयकल्याबिगर नाही जात. तुमचा कायदा मले माईत हाय. मागं एक डाव मधातून उठलो होतो, तं तुम्ही चार महिने माह्याशी बोलले नाही." आणि सभ्यपणाची कमाल करत ते मोठ्याने म्हणाले, "बाई, आता भैरवी होऊन जाऊ द्या."

खोलीत एक क्षण कुणी हललं नाही. त्या एका क्षणात सगळा घोटाळा झाला, आणि ज्याने त्याने तो अगदी शहाणपणाने केला.

गोपाळराव गुडघ्यावर अर्धे उठले होते. पण पाहुण्याने भर मैफलीत फर्माईश केली आणि यजमानाने ती पैशासाठी अडवली, तर पाहुणा चिडणार. चिडला तर पहिली नोट गेली. बाई आत्ताच भैरवी कशाला गातील, त्याच नाही म्हणतील, मग आपण उठू, असा विचार करून ते पुन्हा खाली बसले. चारुलताबाईंनी त्यांना बसताना पाहिलं. यजमान काही बोलत नाहीत, म्हणजे आपण डोळे मिटून गात होतो तेव्हाच ताट फिरून गेलं असणार, असं त्यांनी धरलं. तरी खात्री करावी म्हणून त्यांनी नत्थूजींकडे पाहिलं.

नत्थूजींना सगळं समजत होतं. पण म्हणायचं काय? "बाई, जरा थांबा, आधी माझ्यासाठी ताट फिरू द्या"? आपल्या तोंडाने कुणी असं म्हणत नाही. त्यांच्या हातात एकच गोष्ट होती. पेटी वाजवायची नाही. पेटी थांबली की बाई थांबतील, कुणीतरी काय झालं म्हणून विचारील, आणि गोपाळरावांना उठायला जागा मिळेल. नत्थूजींनी खरोखरच पट्ट्यांवरून हात उचलला.

मग चारुलताबाईंनी भैरवीचा कोमल रिषभ लावला. समोर सूर लागला आणि आपण गप्प बसलो, असं नत्थूजींच्या हयातीत झालं नव्हतं. आताही झालं नाही. हात आपला आपण खाली गेला.

भैरवी वाईट झाली असती तर सगळं निभावलं असतं. लोक खोकले असते, कुजबुजले असते, गोपाळरावांना सहज बोलता आलं असतं. पण ती अशी झाली की तशी त्या दिवाणखान्यात पुन्हा झाली नाही. बाईंचा सूर थरथरला की पेटी त्याला खालून हात द्यायची. नत्थूजी मान खाली घालून वाजवत होते आणि त्यांच्या पोटातली भीती बोटांतून उतरत होती. लोकांना वाटलं, काय तयारी आहे. मागच्या रांगेत नाकं ओढली जाऊ लागली. कोळशाच्या ठेकेदाराने रुमाल काढला.

शेवटचा षड्ज विरला. वीस वर्षांच्या शिस्तीने सगळे गप्प बसले. गोपाळराव उभे राहिले, त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "मंडळी..."

सगळ्या माना वळल्या. पहिल्या रांगेतल्या रुपरावांनी, म्हणजे गोपाळरावांच्या सर्वांत जुन्या श्रोत्याने, ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच, दुखावलेल्या आवाजात म्हटलं, "गोपाळराव? तुम्ही?"

गोपाळराव खाली बसले. लोकांना इतकं चांगलं शिकवायला नको होतं, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

पण "मंडळी" हा शब्द स्वयंपाकघरापर्यंत पोचला होता. ठरल्याप्रमाणे अंजनाबाई ताट घेऊन बाहेर आल्या आणि लोक उठलेले पाहून गोंधळून दारातच थांबल्या. भरल्या डोळ्यांनी एकेक जण बाहेर पडत होता. समोर चांदीचं ताट, हळदकुंकू, वेलदोडे. धंतोलीच्या घरची रीतच निराळी, असं मनात म्हणत बायका कुंकू लावून घेत होत्या आणि पुरुष वेलदोडा उचलत होते. भैरवीनंतर बोलायचं नाही, म्हणून अंजनाबाईंनी काकुळतीने ताट आणखी पुढे केलं. तेव्हा लोक दुसरा वेलदोडा घेऊ लागले. एका म्हाताऱ्याने आरतीचं ताट समजून त्यात चार आणे टाकले आणि नमस्कार केला. मदत म्हणाल तर तेवढीच जमली.

गोपाळराव अनवाणी फाटकाकडे धावले. महादेवराव मोटारीत बसले होते.

"महादेवराव, ते नत्थूजींचं..."

महादेवरावांनी त्यांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. डोळे अजून ओले होते. "काही बोलू नका, गोपाळराव. अशी भैरवी आयकल्यावर पैशाची गोठ काढन तं पाप लागन मले. उद्या मुंबईले चाललो. आलो का निवांत बसू."

आणि ते मटणाला गेले.

गोपाळराव परत आले तेव्हा नत्थूजी पेटीला गवसणी घालत होते. चारुलताबाई कोपऱ्यात आपल्या बहिणीला हलक्या आवाजात विचारत होत्या, किती जमले असतील म्हणून. बहीण वेलदोडा चघळत होती.

"नत्थूजी, मी घरोघर जातो," गोपाळराव म्हणाले. "एकेकाला गाठतो."

"सोमवार उद्याच हाय जी."

"हो, पण आत्ता दुपारचं... रविवारचं जेवून आडवं झालेल्या माणसाला उठवून पैसे मागणं बरं दिसत नाही. उलट बिघडायचं सगळं. संध्याकाळी पाहतो, कोण कोण घरी सापडतं ते."

नत्थूजी गवसणीची नाडी आवळू लागले. ते चिडले असते, तर गोपाळरावांना हलकं वाटलं असतं. काय करावं ते न सुचून त्यांनी ताटातला नारळ उचलला आणि सवयीने नत्थूजींच्या हातात ठेवला. नत्थूजींनीही सवयीने तो कपाळाला लावला.

दवाखान्यात तुळजाबाई खिडकीकडे तोंड करून पडल्या होत्या. नत्थूजी खाटेजवळच्या स्टुलावर बसले आणि नारळ मांडीवर धरून राहिले.

"आयकू आलं?"

"आलं नं जी. सारंच आयकू आलं. भैरवीच्या आधी कोणी बोल्लंच नाही."

"नाही."

"मी म्हटलं, आता पेटी थांबन. मंग म्हटलं, आता थांबन." त्यांनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं, मग नारळाकडे. "इतकी वर्सं झाली, तुमची पेटी कधी चुकल्याची नाही आयकली. आज एक डाव चुकले असते, तं काय झालं असतं वो?"

नत्थूजींना उत्तर येत होतं. भैरवी बिघडली असती. पण हे बायकोला तोंडावर सांगण्याइतके ते निर्लज्ज नव्हते, म्हणून नारळ खाटेखाली ठेवून ते खिडकी लावायला उठले.