चौथ्या मुद्द्याची बखर

श्रीशारदा प्रसन्न असो. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरे, पौष वद्य पंचमीपासोन एका राज्यात जे वर्तमान जाहले ते सेवक लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही, अब्रूचा प्रश्न आहे.

त्या राज्यी दहावीचा वर्ग होता आणि मराठीच्या यशोधराबाई गादीवर होत्या. सराव परीक्षेत जुन्या कादंबरीतील पोरक्या गोदेवर काकाच्या घरी कैसा अन्याय जाहला, यावर निबंध येणार, ऐसे बाईंनी जाहीर केले. रिवाज ऐसा, की प्रत्येकाने आधी एका पानावर मुद्द्यांचा आराखडा करावा, बाईंनी तो पारखावा आणि उत्तम ठरेल तो फळ्याशेजारी भिंतीवर लावावा. मग सेवकाने तीन मुद्दे मांडिले, की गोदेस शिळे वाढीत, तिची शाळा सोडविली आणि चुलतबहिणीने तिजवर चोरीचा आळ घेतला. आणि त्याच वर्गातील मृणालबाई चौगुले यांनी हेच तीन मांडोन वर चौथा घातला, की बहिणीने आळ घेतला तो का. आणि त्यांचाच कागद भिंतीवर चढला, जैसा वर्षभर चढत आला. ते पाहोन सेवकाच्या पोटात दुखू लागले. खोटे कशास लिहावे, अंगाची लाही लाही जाहली. मग सेवक बाईंकडे गेला आणि मृणालबाईंनी मुद्दे गाइडातून उतरविले, ऐसे सांगोन मोकळा जाहला. बाईंनी शहानिशा न करिता भरवर्गात कागद काढोन टाकिला. मृणालबाई उभ्या राहिल्या आणि एकदाच म्हणाल्या, "बाई, मी उतरवलं नाही." आणि खाली बसल्या.

मग परीक्षेचा दिवस आला. तीन मुद्दे एका पानात सरले आणि वेळ पुष्कळ उरला. मग लेखणी चौथ्याकडे वळली आणि गोदेचे कौतुक ऐकताना बहिणीची भूक कैशी मेली, आळ घेताना किती बरे वाटले आणि पुढे गोदेकडे पाहवेना, हे लिहिता लिहिता सेवकाने दोन पुरवण्या भरिल्या.

बाईंनी निबंध वर्गास वाचोन दाखविला, मत्सरी मन इतके खरे कोणी लिहिले नाही म्हणाल्या आणि तो भिंतीवर लाविला. मधल्या सुटीत मृणालबाईंनी तो उभ्याने शेवटच्या ओळीपर्यंत वाचिला आणि मग सेवकाकडे वळोन म्हणाल्या, "हे मात्र तू कुठूनच उतरवलेलं नाहीस."

सारांश, भिंत सेवकास मिळाली. बाईंस खरे सांगणे अद्याप राहिले आहे आणि मृणालबाईंचा हेवा पूर्वीहून अधिक वाटतो. इतके वर्तमान.